भाच्याच्या गाड्या

माझ्या धाकट्या मुलीची दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात तिनं आईच्या शिलाईच्या टेपनं एक काळीपिवळी जीप मोजून काढली. परतूरला आमच्या घरासमोरच्या चौकात या जीपा भरायच्या. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. त्यानं विचारलं, "काय करून राह्यली गं ताई?"

"मोजून राह्यले."

"कशापायी?"

"हिची बारकी करायची आहे."

ड्रायव्हर हसला, कप खाली ठेवला आणि टेपचं दुसरं टोक धरायला गेला. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. म्हटलं, सुट्टी आहे, दोन दिवसांचं खूळ असेल.

खूळ सहा वर्षं टिकलं. मी पंचायत समितीत कारकून होतो. आम्हाला दोन मुलीच. थोरलीचं लग्न होऊन ती परभणीला गेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानाबाहेर सनबोर्डाचे उरलेले तुकडे पडलेले असत. जाहिरातीच्या पाट्यांना लागतो तो हलका पांढरा बोर्ड. कॉलेजातून येताना ही ते तुकडे पिशवीत भरून आणायची. एका फुटाला अर्धा इंच, हे तिचं माप. खरी गाडी चौदा फुटांची असली तर हिची सात इंचांची, आणि आरशापासून पायरीपर्यंत सगळं त्याच मापात बसलं पाहिजे. नाही बसलं तर फेकून पुन्हा. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवून चाकं व्हायची. मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणातून काचा निघायच्या. माझ्या बायकोनं तिला एका जुन्या साडीचे खडे काढून दिले, ते जीपचे पुढचे दिवे झाले. रंग मारायचा असला की सकाळी सकाळी ती मोरीत पाणी शिंपडून आत बसायची, म्हणजे धूळ खाली बसते आणि ओल्या रंगावर येत नाही. आम्ही दोघं टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळत उभे राहायचो. बायको दारावर थापा मारायची. आतून आवाज यायचा, "पाच मिनिटं, आई. दार उघडू नको, वारा येतो."

तिच्या सगळ्या गाड्यांत मला मनापासून कळली अशी एकच. आमच्या कचेरीच्या मागे लिंबाखाली जुन्या घाटाची एक गुबगुबीत पांढरी सरकारी गाडी सडत पडली होती. एकेकाळी तिच्या मागच्या खिडक्यांना पडदे असायचे आणि ती आवारात शिरली की शिपाई उठून उभे राहायचे. मुलगी माझा डबा घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत त्या गाडीभोवती टेप घेऊन फिरायची. साहेब एकदा खिडकीतून बघून म्हणाले, "तुमची मुलगी लिलावात घेते की काय गाडी?"

त्या गाडीला तिला वर्ष लागलं. दारं उघडायची, बॉनेट उघडायचं. पडदे आईच्या पोलक्याच्या अस्तराचे. सगळं झालं असं तिला वाटलं तेव्हा मी म्हणालो, "सीटवर टॉवेल पाहिजे." नोकरीच्या सुरुवातीला एकदा मी त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून जालन्याला गेलो होतो, फायली मांडीवर घेऊन. मागच्या सीटवर पांढरा टर्किश टॉवेल अंथरलेला होता. तिनं वहीतून डोकं वर काढलं आणि विचारलं, "काठ कसला होता, अण्णा?"

मी आठवून सांगितलं, निळा. तिनं नॅपकिनचा एक तुकडा कापला आणि त्याला निळ्या दोऱ्यानं काठ घातला. मी शेजारी बसून बघत होतो. माझ्या आठवणीतली एक गोष्ट माझ्या मुलीनं हातानं करून समोर ठेवली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. पुढंही झालं नाही.

गाड्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात मांडलेल्या असत. शेवटी शेवटी अकरा होत्या.

तिचं बी.कॉम. झालं आणि आम्ही स्थळं बघायला लागलो. पहिलं स्थळ सेलूचं होतं. ते लोक हसतमुखानं जेवून गेले आणि चार दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला. मी फार खोदून विचारल्यावर मध्यस्थ म्हणाला, "पोरगी बराबर आहे. पण बोटांवर कापल्याच्या खुणा, नखात रंग. घरात बिलकुल लक्ष न्हाई असं वाटलं त्यांला." हे मी बायकोला सांगितलं, मुलीला नाही. पण आमचं घर ते केवढं. तिनं ऐकलंच असणार.

दुसरं स्थळ टेंभुर्णीचं होतं. मुलाच्या वडिलांचं पाइप, मोटारी आणि शेतीच्या सामानाचं दुकान, मुलगा त्यांच्या हाताखाली. चांगली माणसं, असं सगळे सांगत होते. ते यायच्या आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "त्या गाड्या माळ्यावर ठेवायच्या का?" मुलगी खोका शोधायला उठली. मीच म्हणालो, "असू दे. शोभा आहे घराची."

म्हणजे आधी अभिमान मीच दाखवला.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आत्या आणि मध्यस्थ. पाणी झालं, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. आत्याबाईंनी डिश घेताना तिचं बोट बघितलं. "हे काय लागलं गं?" बायको घाईनं म्हणाली, "विळी लागली काल." आत्याबाईंनी मान हलवली आणि त्यांची नजर कपाटाकडं गेली.

"घरात पोरगं तर न्हाई तुमच्या. मंग ह्या गाड्या कोणाच्या?"

मला सेलूचा निरोप आठवला. एवढंच. विचार केला असं म्हणता येणार नाही. तोंडातून आपोआप निघालं, "भाच्याच्या. इथं शिकायला होता आमच्याकडं, तेव्हा करायचा."

माझा भाचा खरोखरच दोन वर्षं आमच्याकडं राहिला होता, मुलगी त्याला दादा म्हणायची. पण त्यानं त्या दोन वर्षांत कॅरम सोडून कशाला हात लावला नव्हता. मुलगी ट्रे घेऊन मध्ये उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं पुढची डिश मुलाला दिली.

मुलाचे वडील उठून कपाटाजवळ गेले. मोठ्या हाडाचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी काच सरकवून पांढरी गाडी तळहातावर घेतली, दार उघडून आत बघितलं. "टॉवेलसुद्धा टाकलाय की. कमाल आहे. पाहुणे, एक देता का मला? सोयरीक जुळो न जुळो, गाडी आवडली."

"घ्या की," मी म्हणालो. "भाच्याचंच आहे म्हणजे घरचंच आहे."

मुलीनं आतून चपलांचा रिकामा खोका आणला, त्यात कापूस घातला आणि गाडी निजवल्यासारखी ठेवली. दोरी बांधता बांधता त्यांना म्हणाली, "मागचा बंपर नाजूक आहे. वरून धरू नका, खालून हात लावा."

त्यांनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं बाळा," म्हणाले.

पाहुणे गेले. बायको होकार येणार म्हणून खुशीत होती. मुलीनं कपाटाची काच सरकवून बंद केली आणि मला विचारलं, "दादाला विचारून दिली का, अण्णा?"

मी म्हणालो, "अगं, बोलून गेलो. आता काय करायचं." पाच वाजेपर्यंत तिनं उरलेल्या दहा गाड्या खोक्यात भरल्या आणि स्वतः शिडीवर चढून माळ्यावर ठेवल्या. कपाटात बायकोनं कपबश्या मांडल्या.

होकार आला, लग्न झालं. जावई शांत आहेत, कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहिल्यांदा टेंभुर्णीला गेलो तेव्हा दारातून आत शिरताच समोर टीव्हीच्या वरच्या फळीवर ती पांढरी गाडी दिसली. व्याह्यांनी तिच्यासाठी काचेची पेटी करून घेतली होती. शेजारचे कोणी बसायला आले होते, त्यांना ते कौतुकानं सांगत होते, "आमच्या सूनबाईच्या आतेभावानं केली. हातात जादू हाय पोराच्या." मुलगी चहा घेऊन आली. तिनं ऐकलं आणि चहा दिला. मी चहा प्यालो.

दर वेळी जायचो तेव्हा असंच व्हायचं. बायकोनं एकदा तिला पेटीची काच काढून गाडी पुसताना बघितलं. रंगाच्या जुन्या ब्रशनं आधी खिडक्या, मग चाकांच्या आतली धूळ. सासूबाई शेजारी बसून गहू निवडत होत्या आणि म्हणत होत्या, "जपून गं, परक्याची वस्तू." बायकोनं घरी येऊन मला हे सांगितलं आणि पुढं दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एकदा ती मला सोडायला स्टँडपर्यंत चालत आली. गाडीला वेळ होता. मी धीर करून म्हणालो, "व्याह्यांना सांगून टाकू का?"

"काय सांगताल?"

"ती गाडी तुझी आहे म्हणून."

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "मंग खोटं का बोलला, असं विचारतील. त्याला काय सांगताल?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"राहू द्या, अण्णा. इथं लोक तुम्हाला मानतात. माझ्यापायी कशाला खाली बघायचं."

मी विचारलं, "मग तू दुसरी तरी कर एखादी. वेळ मिळत नाही का?"

"वेळ मिळतो की." ती हसली. "पण करायला बसले तर ओळखतीलच ना. सारखाच हात आहे. म्हणून करत न्हाई."

तेवढ्यात एसटी आली. मी चढलो, खिडकीजवळ जागा मिळाली. आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. विचारायचं काम मी केलं होतं, नाही तिनं म्हटलं होतं. जालन्यापर्यंत मी डोळे मिटून आरामात बसलो. त्या दिवसाची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या खोट्याचीही वाटत नाही.

आणखी पाच वर्षं गेली. तिला मुलगी झाली. मी निवृत्त झालो. मग व्याह्यांना काविळीसारखं काही झालं, ते लिव्हरवर गेलं आणि त्यांना जालन्याला दवाखान्यात ठेवलं. मी दुपारी भेटायला गेलो. जावई औषधं आणायला खाली गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. ते फार वाळले होते, पण बोलणं तसंच सावकाश.

"पाहुणे, एक विचारू? ती गाडी सूनबाईनं केली ना?"

मी मान हलवली.

"मला खोका बांधतानाच वाटलं हुतं. बंपर कुठं नाजूक हाय, हे करणाऱ्यालाच ठाऊक असतंय. मंग तुमचा भाचा एका लग्नात गाठ पडला. मी त्याची तारीफ करायला लागलो तर हसत सुटला. म्हणला, काका, मला सायकलची चेन बसवता येत न्हाई."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तुम्ही तिचे वडील. तुम्ही लपवलं म्हणल्यावर काही कारण असंल, असं धरून चाललो. पोरगीबी बोलंना. म्हटलं, तिच्या मनानं सांगू दे. मी दाबून विचारलं आन् तिला लाज वाटली तर?" ते दम खायला थांबले. "एकदा इथून जालन्याहून तसला बोर्ड आणला. कटरबी आणला. दुकानात तिच्या नजरेसमोर ठेवला. म्हटलं, घेईल. आठ दिवसांनी बघतो तर तिनं त्याची पाटी केली हुती. 'दुकान दुपारी दोन ते चार बंद'. अक्षरं इतकी सुबक कापली हुती, काय सांगू. मी लावली बाहेर."

ती पाटी मी कितीदा तरी वाचली होती. दोन ते चारच्या मध्ये पोचलो म्हणून तिच्याखाली पायरीवर बसूनही राहिलो होतो.

ते म्हणाले, "घरी गेलो की तिघं बसू. तिला सांगू, बाई, सगळ्यांना सगळं ठाऊक हाय. लाग कामाला." आणि हसले. मीही हसलो. त्यांचा हात धरून बराच वेळ बसलो.

ते घरी आलेच नाहीत. सतराव्या दिवशी दवाखान्यातच गेले.

तेराव्याचं जेवण झालं. हॉलमध्ये जवळची माणसं टेकून बसली होती. त्या आत्याबाई डोळे पुसत फळीकडं बघून म्हणाल्या, "माझ्या दादाचा लई जीव हुता त्या गाडीवर. तुमच्या भाच्याला निरोप धाडला का?"

मी उभा राहिलो. बसून बोलता आलं नसतं. म्हणालो, "ती भाच्यानं केली नाही. माझ्या मुलीनं केली. तुम्ही बघायला आला तेव्हा मी खोटं बोललो."

जावयांनी माझ्या मुलीकडं बघितलं. ती पाण्याचे ग्लास गोळा करत होती, तशीच वाकलेली थांबली. मी आत्याबाईंकडं बघत होतो. आठ वर्षं मी या बाईंना घाबरलो होतो.

"हिनं केली?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग त्यात लपवायचं काय हुतं?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "चांगली कला हाय की," आणि शेजारच्या बाईला विचारलं, अंबडच्या पाहुण्यांची जीप आली का म्हणून.

बस, एवढंच झालं. कोणी रागावलं नाही, कोणी मला खोटारडा म्हटलं नाही. चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी ग्लास घेऊन आत गेली. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती नळाखाली ग्लास विसळत होती. मी म्हणालो, "तुझ्या सासऱ्यांना माहीत होतं." मग दवाखान्यातलं सगळं सांगितलं, भाच्याचं, बंपरचं, बोर्डाचं. ती पाठमोरी ऐकत होती. माझं सांगून झालं तरी नळ चालूच होता.

"तो बोर्ड मामांनी माझ्यासाठी आणला होता?"

"हो."

"मला वाटलं, पाटीसाठी आणला."

मग तिनं नळ बंद केला, ओल्या हातांनी कट्टा धरला आणि रडली. सासरे गेले तेव्हा ती सगळ्यांना सांभाळत होती, तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण माझ्याकडं वळलीही नाही.

पुढच्या वेळी जाताना मी माळ्यावरचा खोका उतरवला. वर पत्रा आहे आमच्याकडं. आठ उन्हाळ्यांनी गाड्या वाकल्या होत्या, काहींचे जोड सुटले होते. तरी नेल्या. तिनं एकेक हातात घेऊन बघितली, तिच्या मुलीला खेळायला काळीपिवळी दिली आणि बाकीच्या परत खोक्यात ठेवल्या. जावयांनी तिच्यासाठी चांगले कटर, पॉलिश पेपर, रंग, सगळं मागवलं. तिनं एकदा मांडून बसायचा प्रयत्न केला. जावई सांगत होते, पहिलंच दार तिरकं कापलं गेलं, दुसरं कापलं तेही तसंच. तिनं सगळं नीट आवरून ठेवलं. मी फोनवर विचारतो तेव्हा म्हणते, "बघू, अण्णा. घाई कशाची आहे."

आता दुकान ती आणि जावई मिळून बघतात. गल्ल्याशी ती बसते, चष्मा लागलाय. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा दुपारी गिऱ्हाईक कमी होतं. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. मला कधीच न पडलेला प्रश्न मी त्या दिवशी विचारला. म्हणालो, "त्या पांढऱ्या गाडीचं छप्पर सगळीकडून गोल होतं. सरळ बोर्ड तू तसा वाकवलास कसा?"

ती माझ्याकडं बघून हसली. "इतक्या वर्षांनी विचारता होय?" मग सांगायला लागली. पातेल्यात पाणी उकळायचं. बोर्डाचा तुकडा चिमट्यानं वाफेवर धरायचा, सारखा फिरवत राहायचा, नाहीतर एकीकडं जास्त मऊ पडतो. मऊ पडला की बाटलीवर दाबायचा, पण त्यानं एकाच बाजूनं बाक येतो. तिचा उजवा हात हवेत छपरासारखा वाकला होता. आवाज बदलला होता, भरभर बोलत होती.

"मंग..." ती थांबली. हात तसाच होता. "मंग दुसऱ्या बाजूनं बाक यायला मी काहीतरी करायचे. काहीतरी ठेवायचे खाली." कपाळाला आठी घालून ती आठवत राहिली. "काय बरं करायचे? आठवंना बघा, अण्णा."

"आठवेल," मी म्हणालो.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. "वहिनी, दोन इंची पाइपाचं बेंड हाय का?"

"हाय," ती म्हणाली, आणि हात खाली घेऊन मागच्या फळीकडं वळली.